लाल रंगातली शाळा

माझ्या दोघा नातवंडांनो,

परवा फोनवर थोरलीनं मोठ्या आनंदानं सांगितलं की तिला नोकरी लागली, आणि काम काय, तर शाळांच्या चाचण्यांचे गुण गोळा करून त्यांचे रंगीत तक्ते करायचे. कुठली शाळा पुढं, कुठली मागं, हे शिक्षकांना एका नजरेत कळावं म्हणून. "आजी, तुझ्याच क्षेत्रातलं काम आहे," असं ती म्हणाली. मी "छान" म्हणाले आणि पुढं काही बोलले नाही. धाकट्यानं मागून विचारलं, "आजी, तू गप्प का झालीस?" त्याचं उत्तर फोनवर देता येत नव्हतं. राग आला की मी इंग्रजी बोलायला लागते, हे तुमच्या बाबांना विचारा. आणि ही गोष्ट मला मराठीतच सांगायची आहे. म्हणून लिहिते. कामाला रुजू होण्याआधी थोरलीनं हे वाचावं. शब्द अडले तर आईला विचारा.

तुम्हाला ठाऊक आहे, मी जन्मभर आधी मुलांना इंग्रजी शिकवलं आणि नंतर धाराशिवला शिक्षकांना शिकवायला शिकवलं. निवृत्त झाले तरी प्रशिक्षणांची बोलावणी येतात, कारण मी वेळेवर पोचते आणि वेळेवर थांबते. असंच एक बोलावणं काही वर्षांपूर्वी वाशी तालुक्यातल्या डोंगरकडेच्या एका शाळेतून आलं. आसपासच्या शाळांचे शिक्षक तिथं जमणार होते. विषय होता, चाचणीतले गुण पाहून आपलं शिकवणं कसं सुधारावं. मला हा विषय आवडतो. मी एसटीनं निघाले. तेरखेड्याला फटाक्यांच्या दुकानांवर नव्या पाट्या लागत होत्या, म्हणजे दसरा-दिवाळी जवळ आली होती. आणि आम्ही ज्या चाचणीवर बोलणार होतो ती झाली होती उन्हाळ्याच्या तोंडाशी! ज्या मुलांनी ती दिली ती वरच्या वर्गात जाऊन बसली होती. पावसाळा सरला, पिकं काढणीला आली, तेव्हा कुठं आमच्या खात्याला त्या गुणांकडं बघायला सवड झाली. डॉक्टरनं रक्ताचा रिपोर्ट असा सहा महिन्यांनी हातात दिला तर तुम्ही त्याच्याकडं परत जाल का?

तरी सकाळ चांगली गेली. सगळ्यांना मुलांच्या उत्तरपत्रिका आणायला सांगितलं होतं आणि बहुतेकांनी आणल्या होत्या. मी फळ्यावर एकच गणित लिहिलं, चारशे दोन वजा एकशे अठ्ठ्याहत्तर. म्हटलं, चूक-बरोबर बाजूला ठेवा. ज्या मुलानं चुकवलं त्यानं नेमकं काय लिहिलंय ते बघा, आणि ते लिहिताना त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते शोधा. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. बऱ्याच पत्रिकांत उत्तर होतं तीनशे शहाहत्तर.

"हे सगळ्यांनी एकमेकांचं बघून लिहिलंय मॅडम," एक सर म्हणाले.

"वेगवेगळ्या गावांतल्या पोरांनी? एकमेकांना फोन केले असतील," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

तेवढ्यात खिडकीजवळ बसलेली एक तरुण शिक्षिका हातात एक पत्रिका घेऊन उठली. उमरग्याकडची, घरी कानडी बोलणारी. तिचं मराठी स्वच्छ होतं, फक्त बोलताना शेवट जरा वर उचलायची. म्हणाली, "मॅडम, ही पोरगी वरचं कुठलं, खालचं कुठलं हे बघतच नाही. मोठ्यातून लहान काढती. दोनातून आठ जात नाहीत, मग आठातून दोन काढले. शून्यातून सात जात नाहीत, मग सातातून शून्य. आपणच पहिलीत सांगतो ना, नेहमी मोठ्यातून लहान काढायचं? ती बिचारी आपलंच ऐकती."

माझ्या कामातला सगळ्यात मोठा आनंद हाच. एका चुकीच्या उत्तरावरून एका बाईला कळलं होतं की उद्या वर्गात गेल्यावर काय करायचं. गुण असतात ते यासाठी. थोरले, हे तुला आधी सांगितलं, कारण मी आकड्यांच्या विरुद्ध आहे असं तू समजशील.

मधल्या सुट्टीच्या आधी तालुक्याचे साहेब आले. त्यांच्याबरोबर लॅपटॉप आणि पडदा आला. पडद्यावर आमच्या सगळ्या शाळांची नावं आणि प्रत्येक नावापुढं एक रंगीत चौकोन. गेल्या वर्षीच्या चाचणीची सरासरी आणि यंदाची सरासरी यांची तुलना होती. वाढ असेल तर हिरवा, जैसे थे असेल तर पिवळा, घट असेल तर लाल. साहेब माणूस वाईट नव्हता. मला वाकून नमस्कार केला. मग सगळ्यांकडं वळून म्हणाले, "हा डेटा आहे. डेटा खोटं बोलत नाही. लाल शाळांनी उभं राहायचं."

मोठी माणसं उभी राहिली. पांढऱ्या केसांचे गुरुजी, पोटुशी असलेली एक बाई, सगळी. आपण वर्गात मुलांना बाकावर उभं करू नका म्हणून कंठशोष करतो, आणि त्याच शिक्षकांना त्यांच्या बरोबरीच्या माणसांसमोर असं उभं करायचं! उमरग्याची बाईही उभी होती. तिच्या शाळेचा चौकोन सगळ्यात गडद लाल होता.

"तुम्ही बोला," साहेब तिला म्हणाले. "गेल्या वर्षी ही शाळा हिरवी. तुम्ही आलात आणि लाल. काय झालं?"

"सर, मी गेल्या दसऱ्याला मुलं ठेवून घेतली. तोडीला जाऊ दिली नाहीत."

"चांगलं केलं. ते वसतिगृहाच्या माहितीत भरा. इथं गुणांचं बोला."

"गुणांचंच बोलतेय सर. ती मुलं..."

"कारणं नकोत मॅडम. कारणं सगळ्यांकडं असतात. कृती आराखडा लिहून द्या, सरासरी कशी वाढवणार ते."

कुणीतरी हसलं. ती बसली. पिशवीतल्या पत्रिका नीट करत राहिली, नीटच होत्या तरी.

आता तुम्हाला तोडीचं सांगायला हवं. आपल्याकडच्या डोंगराकडच्या गावांतून दसरा झाला की ऊस तोडायला टोळ्या निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, पाण्याची पिंपं, एखादी शेळी, आणि लेकरं. कारखान्यांच्या पट्ट्यात, नाही तर पार कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारी पालात राहायचं ते ऊस संपेपर्यंत. मुलं परत येतात तेव्हा शाळेची चाचणी उरकलेली असते. दरवर्षी अर्धी शाळा बुडते, त्यामुळं ती मुलं मागं पडलेली असतात, आणि मागं पडलेली मुलं पुढच्या वर्षी आणखी सहज जातात. यावर सरकारची एक चांगली योजना आहे. आई-बाप गेले तरी मुलांनी गावात आजी-आजोबांजवळ राहायचं आणि शाळेत दोन वेळ जेवायचं. हंगामी वसतिगृह म्हणतात त्याला. पण योजना दारात जाऊन बोलत नाही. दारात कुणालातरी जावं लागतं. ही बाई गेली होती.

जेवणाच्या सुट्टीत तिनं मला सांगितलं की एका घरात ती कितीदा तरी जाऊन बसली. आई म्हणायची, "बाई, हिला ठिवलं तर फडात माझं तान्हं कोण सांभाळंल? तुमी येताव का?" आजी म्हणायची, "अन् लेकरू आजारी पडलं तर माज्यानं दवाखान्याला जाणं व्हतंय व्हय?" ही म्हणाली, मी नेईन. हिवाळ्यात त्या पोरीला ताप आला तेव्हा खरंच हिनं स्कूटरवर बसवून नेलं. सकाळच्या तीनशे शहाहत्तरवाली पोरगी तीच. तिसरीत होती आणि त्याआधी एकाही वर्षी वार्षिक चाचणीला बसलेली नव्हती.

"म्हणजे गेल्या वर्षीच्या सरासरीत ही मुलं नव्हतीच?" मी विचारलं.

"नव्हती मॅडम. तेव्हा माझ्या आधीचे सर होते. पोरं गेली, चाचणी झाली, जी गेली नव्हती त्यांचेच गुण भरले."

आमच्या पलीकडं बसून भाकरी खाणारे एक मुख्याध्यापक होते. बुटके, गोल, बोलायला एकदम मोकळे. डोंगरापलीकडच्या शाळेचे. सकाळी त्यांच्या हिरव्या चौकोनाबद्दल साहेबांनी त्यांना शाल आणि नारळ दिला होता. ते मध्येच म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का? माजी निम्मी शाळा फडात व्हती चाचणीच्या दिवशी. ऱ्हायली ती किराणावाल्याची, पोस्टमनची, ज्यांच्या घरी संध्याकाळी कुणीतरी इचारतंय अभ्यास केला का म्हणून. हिरवं न्हाय व्हणार तर काय निळं व्हणार?"

"मग हे साहेबांना सांगा ना."

"नारळ वापस द्यावा लागंल की!" ते हसले. मग जरा आवाज खाली घेऊन म्हणाले, "मॅडम, माजी नोकरी थोडीच ऱ्हायलीय. मला आता लाल व्हायचं न्हाय."

आणि मग उमरग्याची बाई, डबा बंद करत, कुणाकडंही न बघता म्हणाली, "यंदा मीही कुणाच्या दारात जाणार नाही. जाऊ दे पोरं. ठेवून घेतली म्हणून माझ्या नावापुढं लाल आला, गेली तर कोण विचारणार आहे मला?"

दसरा आठवड्यावर होता. कुणीही कुणाशी खोटं बोललं नव्हतं, कुणी गुण वाढवले नव्हते, आणि तरी हा तक्ता एका चांगल्या शिक्षिकेला शिकवत होता की कच्ची मुलं शाळेबाहेर गेलेली बरी. शिकवणं सुधारावं म्हणून काढलेला तक्ता! मी चाळीस वर्षं ज्या गोष्टीसाठी घसा कोरडा केला तिच्यातूनच हे निघालं, याचा मला इतका संताप आला की हात धुवायला गेले आणि नळ तसाच चालू ठेवून उभी राहिले.

दुपारचं सत्र माझं होतं. साहेबांना मी थांबायला सांगितलं. ते थांबले, माझं वय बघून असेल. फळ्यावर सकाळचं गणित होतं ते पुसलं आणि सात-आठ शिक्षकांना भिंतीला पाठ लावून ओळीनं उभं केलं. त्यांत खो-खो शिकवणारे एक उंच सर होते आणि दुसऱ्या टोकाला आमचे हिरवे मुख्याध्यापक. म्हटलं, ही एक शाळा. हिची सरासरी उंची सगळ्यांनी अंदाजानं सांगा. आरडाओरडा झाला, शेवटी एकमत झालं तिथं मी भिंतीवर खडूनं रेघ मारली. मग मुख्याध्यापकांना आणि त्यांच्या शेजारच्या दोन बुटक्या बायांना म्हटलं, "तुम्ही तिघं व्हरांड्यात जा. तुम्ही तोडीला गेलात." उरलेल्यांची रेघ आता बरीच वर आली.

"शाळेची उंची वाढली," मी म्हटलं. "सांगा, कोण वाढलं?"

"कुणीच न्हाय मॅडम!"

खिडकीच्या गजांतून मुख्याध्यापकांचं तोंड दिसलं. "म्या हितं उभा ऱ्हाऊन शाळंची उंची वाढवायलोय! मला अजून एक नारळ द्या!"

हॉल हसून कोसळला. मी त्यांना आत बोलावलं. अंगणात नव्या स्वच्छतागृहाच्या बांधकामाच्या विटा पडल्या होत्या. प्रत्येकाला एकेका विटेवर उभं केलं, उंच सरांनासुद्धा. आता ओळीतला प्रत्येक माणूस मघापेक्षा उंच झाला होता. पुन्हा रेघ मारली. ती मघाच्या वरच्या रेघेच्या खालीच आली.

"साहेब," मी म्हणाले, "इथं एकही माणूस असा नाही जो वाढला नाही. आणि तुमचा चौकोन लाल आहे. ह्या बाईंच्या शाळेत हेच झालंय. वर्षभर होती ती मुलं वाढली, ठेवून घेतलेली त्यांच्याहून जास्त वाढली, आणि तुम्ही तिला उभं केलंत."

विटेवरची माणसं तशीच उभी होती, उतरावं की नाही कळेना. साहेबांनी उठून त्या रेघा जवळून बघितल्या. मग म्हणाले, "मॅडम, पटलं. अगदी पटलं. पण रंग काही मी देत नाही. तो आपोआप येतो."

"आणि चाचणीला नसलेल्या मुलांचं काय?"

"त्यांचा रकाना रिकामा राहतो. रिकामा रकाना मोजला जात नाही."

"मग निदान दोन्ही वर्षी चाचणी दिलेल्यांची तुलना वेगळी करा. कच्च्यांची वेगळी करा."

"तशी सोय नाही मॅडम. मला वर पाठवायची ती सरासरीच."

त्यांनी आराखड्याची मागणी मागं घेतली नाही. उमरग्याच्या बाईनं तो तिथंच बसून लिहून दिला. मी वाचला. 'सरासरी वाढवण्यासाठी अप्रगत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष देण्यात येईल,' असं लिहिलं होतं. दुसरं ती काय लिहिणार?

आपोआप! हा शब्द माझ्या कानातून जात नाही. थोरले, आपोआप येतो तो पाऊस, तोही आपल्याकडं वेळेवर नाही. रंग आपोआप येत नाही. कुठंतरी गार खोलीत बसून कुणीतरी ठरवतं की रिकामा रकाना मोजायचा नाही. त्या माणसानं ट्रॉलीत बसलेलं पोर पाहिलेलं नसतं, ते पाहण्याची त्याला गरजही वाटत नाही. त्याच्या एका ठरवण्यानं डोंगरकडेच्या कितीतरी शाळांतल्या शिक्षकांना कळतं की कुणाच्या दारात जायचं आणि कुणाच्या नाही. आता ते कुणीतरी तू होणार आहेस. म्हणून मी गप्प झाले होते.

परतीच्या गाडीची वाट बघत मी आणि उमरग्याची बाई फाट्यावर उभ्या होतो. मला तिला म्हणायचं होतं, जा, यंदाही दारोदार जा. पण मी म्हणाले नाही. मी घरी जाऊन पंख्याखाली बसणार, आणि भर सभेत उभं राहायला लागणार ते तिला. असल्या माणसानं असला उपदेश करू नये. तीच थोड्या वेळानं म्हणाली, "मॅडम, ते विटेचं बरं होतं. पण पुढच्या वर्षीही लालच येणार ना?"

"येईल," मी म्हणाले. खोटं कसं बोलू? "ठेवून घेतलेल्या मुलांचे गुण यंदापेक्षा वाढतील. पण तू नवी मुलं ठेवलीस की ती पुन्हा कच्ची असतील. चांगलं काम करशील तोवर लाल येईल."

"हे म्हणजे अजबच," ती म्हणाली, आणि हसली. मग तिची गाडी आली.

मी खात्याच्या वरच्या कार्यालयाला लिहिलं. अर्ज कसा लिहायचा हे मला चांगलं येतं, त्याला उत्तर आलं नाही. मग पुढच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं, तोच तक्ता, तेच तीन रंग. मी गेले नाही. डोंगरापलीकडच्या मुख्याध्यापकांना त्याही वर्षी नारळ मिळाला, असं मला एकानं सांगितलं. मला त्यांचा राग येत नाही. तेही खरंच बोलले होते, फक्त जेवताना बोलले.

पण त्याआधी, त्याच दसऱ्यानंतर थोड्या दिवसांनी, उमरग्याच्या बाईचा फोन आला होता. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता, मुलांचा गलका होता.

"मॅडम, टोळी गेली काल."

मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "पोरं हायेत. दोन घरांनी ऐकलं नाही, गेलीच ती. बाकीची हायेत. ती मोठ्यातून लहान काढणारी पण हाय. तिची आजी म्हणाली, बाई, तुमी लई चिवट. आता जेवायला बसलीत सगळी, म्हणून फोन केला."

"आणि रंग?" मी विचारलं.

"येऊ दे मॅडम. उभं राहायची सवय झालीय."

ती हे गमतीत म्हणाली, पण मला त्यात गंमत वाटली नाही. कुठल्याही शिक्षिकेला अशी सवय व्हायला नको होती, आणि ती तिला कुणी लावली हे मी वर सांगितलं आहे.

थोरले, कामावर जाशील तेव्हा पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचार, रिकाम्या रकान्याचं तुम्ही काय करता? कुणी हसलं तर हसू दे.

त्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. ती शाळा अजून लाल आहे. ती बाई अजून त्याच शाळेत आहे, आणि दसऱ्यानंतर टोळ्या निघून गेल्या तरी तिच्या वर्गात मुलं बसलेली असतात.

तुमची आजी